परमिट परत

नाना, परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला माझ्या हातात माईक दिला आणि मी माती खाल्ली. सगळे चांगलं बोलले. तुमचा भाचा बोलला, सरपंच बोलले, ज्यांना तुम्ही जन्मभर नव्या मीटरचे अर्ज लिहून दिलेत ते बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "नाना चांगले होते," आणि खाली बसलो. तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या वाऱ्याने फडफडत होत्या, मांडवातला पंखा नको तेवढा जोरात फिरत होता, आणि मला वाटत होतं की आता तुम्ही मागून म्हणाल, हिलाल, एवढं लांबलचक भाषण कशाला रे केलंस.

बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. माझं लिहिणं तुम्हाला ठाऊक आहे. रजेचा अर्जसुद्धा तुम्हीच लिहून द्यायचात आणि मी खाली सही ठोकायचो. तेव्हा काही चुकलं-माकलं तर हसू नका.

मांडव रिकामा झाल्यावर अक्कांनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "हाई परमिटनी काय भानगड शे रे, हिलाल? तुना नाना म्हने, हिलालनं एक परमिट येवानं बाकी शे." मी कप खाली ठेवला. तुमच्या तीस वर्षांच्या नोकरीत अक्कांनी परमिट हा शब्द रोज ऐकला असेल, पण तो काय असतो हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं नव्हतंत. मी सांगितलं. लाईनमनला खांबावर चढायचं असलं की तो सबस्टेशनला फोन करतो, ऑपरेटर तेवढा फीडर, म्हणजे त्या भागाला जाणारी लाईन, बंद करतो, वहीत त्याचं नाव लिहितो आणि नंबर देतो. ते परमिट. मग लाईनमन ती बंद तार जमिनीला जोडून घेतो, ते अर्थिंग. काम झालं की ज्याने घेतलं त्यानेच फोन करून ते परत करायचं. माणसं खाली, सामान खाली, अर्थिंग काढलं, परमिट परत. एवढं कानावर पडेपर्यंत ऑपरेटर लाईन चालू करत नाही, मग सगळं गाव अंधारात बसून त्याच्या नावाने शिव्या का देईना.

अक्का म्हणाल्या, म्हणजे तुमचा जीव यांच्या हातात. मी म्हटलं, हो, पंधरा वर्षं.

नाना, सुरुवातीची दोन वर्षं तर मी तुम्हाला फक्त आवाजाने ओळखत होतो. सोनगीर सबस्टेशनचा तो खाकरणारा आवाज. मी फीडरचं नाव सांगायच्या आधी तुमचा प्रश्न ठरलेला, "जेवना का?" नाही म्हटलं तर परमिट मिळत नसे. उपाशी माणसाचा हात थरथरतो, असं तुमचं शास्त्र. खांबाखाली उभा राहून मी खोटं खोटं पिठलं-भाकरी खाल्ल्याचं सांगायचो, तर तुम्ही विचारायचात, पिठल्यात लसूण होता का? तुम्हाला भेटायच्या आधीच मला तुमचा राग यायला लागला होता. नंतर भेटलो तेव्हा कळलं की एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस माझ्या खांद्याला लागतो.

आता ते वर्ष. मला काय झालं होतं हे मला आजही धड सांगता येत नाही. घरात काही बिघडलं नव्हतं. रेखा होती, दोन्ही पोरी शाळेत जात होत्या, नोकरी पक्की होती. तरी सकाळी उठून चपला घालणं म्हणजे मोठं काम होऊन बसलं. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. कमरेला पट्टा बांधून मी खांबाखाली अर्धा-अर्धा तास नुसता उभा राहायचो आणि मग काम न करताच परत यायचो. लोक विचारायचे, काय कमी शे तुले? मीही स्वतःला तेच विचारायचो आणि उत्तर सापडलं नाही की जास्तच लाज वाटायची. मी कामचुकार झालो, असं साहेबाने तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत ते मला कधी कळलं नाही, पण साहेब नंतर माझ्या वाटेला गेला नाही.

आणि मग ती दुपार. गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते. मी कापडण्याच्या शिवेवरच्या एका खांबावर चढलो, परमिट न घेता. शेजारच्या शेतातल्या बापूने ते पाहिलं आणि सबस्टेशनला फोन लावला. "तुमना माणूस खांबावर चढी राह्यना, आन मनी मोटर ते चालूच शे." तुम्ही त्याला पुढचं वाक्य बोलू दिलं नाही, नाव विचारलं नाही, साहेबाला विचारलं नाही, सरळ फीडर पाडलात. माझा हात तारेपर्यंत पोचायच्या आत लाईन मेली होती. त्या शिवेवर माझ्याशिवाय कुणी चढत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, मग माझ्या खिशातला फोन वाजला.

"परमिट?" तुम्ही विचारलंत.

"इसरी गऊ, नाना."

तुम्ही एकदा खाकरलात.  मग म्हणालात, "इसरी गया ना? बरं. आते खाले उतर. उतरी गया का माले सांग."

मी उतरलो आणि सांगितलं. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि रेखाला म्हणालात की उद्या ह्याला जरा धुळ्याला घेऊन जातो. कशाला ते सांगितलं नाहीत. तिनेही विचारलं नाही, फक्त माझा धुतलेला शर्ट काढून ठेवला.

शिरपूरहून येणाऱ्या एस.टी.त आपण मागच्या बाकावर बसलो होतो. देवभान्याच्या अलीकडे, खिडकीबाहेर बघत, तुम्ही ते बोललात. "कालनं परमिट मी तुना नावनं उघडं ठी दिन्हं शे. तुले वाटी तव्हय परत कर. पन परत करतांना खोटं बोलू नको." एवढंच. मग खिशातून खारे शेंगदाणे काढलेत, मला मोजून पाच दिलेत आणि उरलेले स्वतः खाल्लेत. इतका चिकट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

धुळ्यातल्या मनाच्या डॉक्टर मॅडमनी आधी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायला लागली, पण मन काही जागचं हलेना. महिना-दीड महिन्यानंतर त्या म्हणाल्या की गोळ्यांच्या जोडीला आपण डोक्याला थोडा करंट देऊन पाहू. मी खुर्चीतून उठलोच. जन्मभर करंटपासून पळालो आणि आता पैसे देऊन तोच घ्यायचा? शॉक म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या की हा तो शॉक नाही. ह्यात भूल नाही, झटका नाही, जागेपणी खुर्चीत बसून घ्यायचा. तो शॉकसुद्धा लोकांना वाटतो तेवढा वाईट नसतो, पण तुम्हाला आज त्याची गरज नाही. गुण येईलच असं त्या म्हणाल्या नाहीत. काहींना येतो, काहींना येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. मला वाटतं, ह्या एका वाक्यामुळे तुमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

तरी चौकशी केल्याशिवाय सोडाल तर ते तुम्ही कसले. "मॅडम, करंट किती?" दोन मिलिअँपिअर, त्या म्हणाल्या. तुम्ही परत विचारलंत, मिली? आमच्या पॅनेलवरचा बारका लाल दिवासुद्धा ह्याहून जास्त पितो. मग जातो कुठून, येतो कुठून, बॅटरी कितीची, मधेच वाढला तर आपोआप तुटतो का. मॅडमनी एकेक उत्तर दिलं. कंपासपेटीएवढं यंत्र, दोन वायरी, मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक कपाळाच्या वर डावीकडे, दुसरा उजवीकडे. तुम्ही शर्टाची बाही वर केलीत आणि म्हणालात, आधी मला लावा. मॅडम हसल्या, पण त्यांनी तुमच्या हाताला दोन्ही स्पंज बांधून थोडा करंट सोडला. तुम्ही डोळे मिटून बसलात, जणू सबंध जिल्ह्याचा लोड तुमच्या हातातून चालला होता. मग म्हणालात, "मुंगी चावते तेवढं. बस हिलाल, लाईन सेफ आहे."

खरी अडचण गावात होती. रोज दुपारी हिलाल धुळ्याला कुठे जातो? शॉक घ्यायला जातो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी गावचा वेडा झालो असतो आणि पोरींच्या लग्नापर्यंत ते पुरलं असतं. रेखाने डोकं चालवलं. शॉकचा शेक केला. मान धरली आहे, धुळ्याला शेक घ्यायला जातात. सगळ्यांना पटलं. इतकं पटलं की शेजारच्या जिजाबाईंनी रोज निर्गुडीचा पाला आणून द्यायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी त्या पिशवी घेऊन स्टँडवर हजर. "माले बी संगे लई चाल भाऊ, मनी मान बठ्ठी धराई गयी शे." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही एकदम गंभीर तोंड करून सांगितलंत की तिथे फक्त खांबावर चढणाऱ्यांना शेक देतात, सरकारी नियम आहे. त्या बिचाऱ्या सरकारला शिव्या देत घरी गेल्या. गाडीत बसल्यावर तुम्ही पोट धरून हसत होतात. मला हसू आलं नाही, पण हे हसण्यासारखं आहे एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि कित्येक महिन्यांत तेवढंही कळलं नव्हतं.

तीन आठवडे, रविवार सोडून रोज. स्पंज लावले की पहिली दोन-तीन मिनिटं खाज सुटायची, मग काहीच नाही. अर्धा तास नुसतं बसून राहायचं. तुम्ही समोरच्या खुर्चीत बसायचात आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचात. यंत्र सांभाळणारी ताई म्हणायची, काका, पेशंट कोण आहे नक्की? मलाही राग यायचा की सोबत म्हणून आलेला माणूस झोपा काढतो. तुम्ही साहेबाला सांगून ते तीन आठवडे रात्रपाळी मागून घेतली होतीत, हे मला पुढच्या वर्षी दुसऱ्याच ऑपरेटरकडून कळलं. रात्रभर जागायचं, सकाळी घरी जाऊन आंघोळ करायची आणि दुपारी माझ्यासोबत गाडीत. तुम्ही ते कधी बोलला नाहीत. तुमच्या घोरण्यावरून मी तुम्हाला किती टोमणे मारले ते आठवलं की आजही खाली बघावंसं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार असेल. येताना देवभाने फाट्याजवळ गाडी थांबली होती. मी खिडकीतून बघत होतो, बघायचं म्हणून बघत होतो. आणि तोंडातून निघून गेलं, "नाना, त्या खांबावरचा जंपर ढिला आहे. वारा आला की ठिणग्या पडतील." तुम्ही झोपेतून दचकून उठलात. खांब बघितलात, मला बघितलंत, परत खांब बघितलात. मग खिशातून फोन काढून त्या सेक्शनच्या लाईनमनला एवढ्या मोठ्याने सांगितलंत की सगळी एस.टी. वळून बघायला लागली. फोन ठेवल्यावर शेजारच्या अनोळखी बाईला तुम्ही सांगितलंत, "याने पाहिला. मी झोपलो होतो. याने पाहिला." तिला काही कळलं नाही, पण ती बरं बरं म्हणाली. मग तुम्ही मला सगळे शेंगदाणे दिलेत, पुडीसकट.

त्या रात्री मी जेवताना मिरचीचा ठेचा मागितला. रेखा चुलीपाशी पाठमोरीच बसून राहिली, वळली नाही.

मी एका दिवसात बरा झालो नाही. गोळ्या दोन वर्षं चालल्या. मधे एका पावसाळ्यात परत तसंच व्हायला लागलं, तेव्हा मी तुम्हाला न सांगता एकटाच धुळ्याला जाऊन स्पंज लावून आलो. पण खांबावर चढायला लागलो, आणि तुम्ही परत विचारायला लागलात, जेवना का? आता मी खरं सांगत होतो.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते मिटलंच नाही. तुम्ही म्हणायचात, हिलालला करंटने बरं केलं. मी म्हणायचो, दोन मिलीने काय होतं नाना, मला तुम्ही बरं केलंत. तुम्ही चिडायचात. विज्ञानाचं श्रेय माणसाला देऊ नये, हा बावळटपणा आहे, असं म्हणायचात. मी म्हणायचो, मग त्या वेळी मला एकट्याला पाठवून बघायचं होतंत. आपण एकदा मॅडमनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, गोळ्या, करंट, रोजचा प्रवास, सोबतीला बसणारा माणूस, ह्यात कुणाचा वाटा किती ते एका माणसात वेगळं काढून दाखवता येत नाही. तुम्हाला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. मीटरवर दिसत नाही ते तुम्ही मानत नव्हतात. मी आजही माझंच म्हणणं खरं मानतो, नाना, आणि आता तुम्ही उलट बोलू शकत नाही ह्याचा मला काडीचाही आनंद नाही.

इतक्या वर्षांत तुम्ही त्या दुपारबद्दल एकदाही विचारलं नाहीत. मी वाट बघायचो की तुम्ही विचाराल. तुम्ही वाट बघत होतात की मी सांगेन. तुम्ही रिटायर झालात तरी तेच. गेल्या महिन्यात मी तुमच्या ओट्यावर बसलो होतो. तुम्ही थोडे वाळला होतात, आवाज मात्र तोच. निघताना सहज म्हटल्यासारखं म्हणालात, "हिलाल, ते परमिट?" माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण अक्का दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, पुढच्या रविवारी शेतात भरीत करतोय, बामणोदची वांगी आणतो, तुम्ही या, तेव्हा सांगतो. तुम्ही म्हणालात, मिरच्या तिखट आण.

वांगी आणली होती मी. शनिवारी सकाळी तुमच्या भाच्याचा फोन आला. ती वांगी रेखाने शेवटी कुणाला तरी देऊन टाकली.

आज कामाला त्याच खांबावर जायचं होतं. मुद्दाम मागून घेतलं नाही, यादीत तोच आला. तुमच्या टेबलावर आता एक नवी मुलगी बसते, चांगली आहे, नियमाची पक्की आहे. तिने परमिट दिलं, नंबर दिला. जेवलात का, असं काही विचारलं नाही. विचारेल कशाला. मी अर्थिंग केलं, चढलो, काम केलं, उतरलो, परमिट परत केलं. बापूची मोटर परत सुरू झाली. फोन खिशात ठेवला आणि तिथेच बसलो. तिथून सोनगीरचा किल्ला दिसतो, तुम्हाला माहीत आहे. तिथे बसूनच हे शेवटचं लिहितोय.

त्या दुपारीही बापूची मोटर अशीच चालू होती, नाना. मला तिचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. मोटर चालू म्हणजे लाईन चालू, हे पहिल्या दिवसाच्या शिकाऊ माणसालाही कळतं. फोन माझ्या खिशात होता आणि तुमचा नंबर सगळ्यात वर होता. मी तो लावला नाही, कारण लावला असता तर तुम्ही विचारलं असतं, जेवना का? आणि मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तुम्हाला खोटं सांगायचं त्राणसुद्धा माझ्यात उरलं नव्हतं. मग मोटर एकदम बंद पडली. तुम्ही फीडर पाडलात हे मला त्याच क्षणी समजलं, आणि खरं सांगतो, मला तुमचा राग आला. तो राग जायला स्पंजचे ते तीन आठवडे लागले. त्यानंतर आजवर असा एक दिवस गेला नाही की त्या बंद पडलेल्या मोटरीचे मी मनात उपकार मानले नाहीत. धाकटीचं लग्न ठरलंय. तुम्हाला रविवारी तेही सांगणार होतो.

नाना, मी इसरेल नव्हतू.

माणूस खाली आहे. सामान खाली आहे. अर्थिंग त्या दिवशी केलंच नव्हतं. परमिट परत.

जेवलोय मी. आता लाईन चालू करा.